पिकअपचा मागचा ॲक्सल पिळतोय? ट्रॅक्शन बार घेण्याआधी टेप लावा

"मिस्त्री, क्लच प्लेट गेली वाटतं. चढाला गाडी उचलली की मागनं थाडथाड मारतीया."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज टाकून मला बावीस वर्षं झाली. दर हंगामात हे वाक्य चार-पाच जणांच्या तोंडून ऐकतो. गाडी बहुतेक पिकअप असते, भरून गगनबावड्याकडं घाट चढणारी नाहीतर पाटे (लीफ स्प्रिंग) उचलून घेतलेली. क्लच खराब असेल तर गाडी क्लच सोडतानाच थरथरते, सपाट रस्त्यावरही. पण क्लच पूर्ण सुटलाय, पाय रेसवर आहे आणि तरीही मागची चाकं आपटल्यासारखी वाजतायत, तर नवी प्लेट टाकून पैसे घालवू नका. तिथं ॲक्सल पिळत असतो. त्याला पिळू न देणारा दांडा म्हणजे ट्रॅक्शन बार.

इंजिनाची ताकद चाकाला पुढं फिरवते, तेव्हा तेवढ्याच जोरानं ॲक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, उलटं फिरायला बघतं. पिनियनचं तोंड, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथं जोडलेला असतो ते टोक, वर उचलतं. हाउसिंगला धरून ठेवायला पाट्यांशिवाय कोणी नसतं, त्यामुळं पाटा आडव्या पडलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. टायरची पकड सुटली की वाकलेला पाटा झटक्यानं सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पाटा पुन्हा वाकतो. थाडथाड होते ती ही. ब्रेक मारला की हेच उलट्या बाजूनं होतं, पिनियनचं तोंड खाली जातं. या ओढाताणीत आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला जोड) जातो. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून बेअरिंग कोरडं घासतंय असं समजा.

खात्री करायची असेल तर चढावर, नेहमीचा माल भरून, पहिल्या गिअरमध्ये गाडी उचला. मदतनीसाला बाजूला चांगलं सात-आठ फूट लांब उभं करा, गाडीच्या मागं अजिबात नको. त्यानं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये मागचं चाक आणि पाटा घ्यायचा. पाट्यावर आधी खडूनं एक सरळ रेघ मारून ठेवा. ती रेघ किती कलते ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

एवढं बघून लगेच बार लावायला धावू नका. मागच्या वर्षी एक गुळाची गाडी आली, मार्केट यार्डात रोज फेरी. मालकानं बार आणूनच ठेवले होते. मी पान्याला लांब पाइप लावून ॲक्सल पाट्याला आवळणारे यू बोल्ट बघितले, तर चारही नट पाऊण वेढा फिरले. पाटे मधोमध धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अर्धं कापलेलं, ॲक्सल पाट्यावर पुढं-मागं सरकत होता. नवे यू बोल्ट, नवा सेंटर बोल्ट, पाट्याच्या पुढच्या आयचे (वेटोळ्या टोकाचे) बुश, एवढ्यावर गाडी शांत झाली. बार त्यांना परत न्यायला लावले. ते थोडे नाराज झाले, पण नको असलेली वस्तू गाडीखाली लटकवणं मला पटत नाही. तेव्हा आधी यू बोल्ट, सेंटर बोल्ट, दोन्ही टोकांचे बुश, तुटका पाटा आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग बघून घ्या. ताणलेला यू बोल्ट पुन्हा वापरू नका. मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) आकडा घ्या, नट आलटून-पालटून आवळा.

ज्यांनी गाडी उंच दिसावी म्हणून पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळे टाकलेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: निदान ठोकळ्यावर ठोकळा तरी टाकू नका. ठोकळा जितका उंच, तितकी पाट्याला पिळणारी तरफ लांब. उंची हवीच असेल तर चांगल्या कारागिराकडून पाटे कमानीत घ्या.

हे सगळं ठीक करूनही ॲक्सल पिळत असेल तरच बारचा विचार करायचा. बाजारात आणि फॅब्रिकेटरकडे मिळून तीन जाती दिसतात.

पहिली आखूड जात. मागं ॲक्सलजवळ आवळलेली, पुढं पाट्याच्या आयखाली रबरी ठोकळा. ॲक्सल पिळला की रबर पाट्याला जाऊन टेकतं. रिकाम्या, सपाट रस्त्यावर जोरात सुटणाऱ्या गाडीला ती चालते. भरलेल्या पिकअपला मी ती लावत नाही. माल भरला की पाटा सपाट होतो, रबराची फट बदलते, आणि प्रत्येक खड्ड्यात ते आपटत राहतं.

दुसरी जात म्हणजे दोन्ही टोकांना बुश असलेला एकेरी लांब पाइप, दोन्ही बाजूंना एकेक. मागचं टोक ॲक्सलखालच्या ब्रॅकेटला, पुढचं चासीला. माल वाहणाऱ्या गाडीला माझी पसंती हिला.

तिसरी शिडीसारखी. ॲक्सलला वर आणि खाली दोन ठिकाणी घट्ट, पुढं एकाच ठिकाणी चासीला, तेही शॅकलमधून, म्हणजे डोलणाऱ्या कडीतून. हाउसिंग एकसंध असल्यामुळं असा एकच बार पुरतो. रानात, ओढ्यात, खडकात जाणाऱ्या गाडीला ही उत्तम. मात्र दोन्ही बाजूंना दोन शिड्या लावू नका. एक चाक वर आणि एक खाली जायला लागलं की त्या ॲक्सललाच अडवतात.

आता लांबीचा हिशोब बघा. धरा इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) २०० न्यूटन मीटर, पहिला गिअर ४ पट, डिफ्रन्शिअल ४ पट. चाकाशी झाले ३२०० न्यूटन मीटर. शिडीचा बार १.२ मीटर लांब असेल तर त्याचं पुढचं टोक चासीला साधारण २७० किलोच्या जोरानं वर ढकलतं. तोच बार ६० सेंटिमीटर केला तर जोर दुप्पट, ५४० किलोच्या वर. झटका बसला की त्याहून जास्त. म्हणून शिडी आखूड घेऊ नका, आणि पुढचं ब्रॅकेट चासीच्या आडव्या बीमजवळ घ्या.

एकेरी पाइपचं गणित वेगळं आहे. बोल्ट ॲक्सलच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर खाली असेल तर ३२०० ला ०.१५ ने भागा. २१ हजार न्यूटनच्या वर, म्हणजे दोन टनांहून जास्त. त्यातला काही भार पाटा घेतो, पण दोन बारांत वाटूनही एकेकावर टनभर धरूनच चाला. शिवाय गाडी पुढं ओढताना ॲक्सलची खालची बाजू पुढं सरकायला बघते, त्यामुळं हा बार दाबला जातो. हे मी सुरुवातीला नीट समजून घेतलं नव्हतं. एका गाडीला ५० बाय १० ची चपटी पट्टी लावून दिली होती. ओढून बघितली तर हलत नव्हती, म्हणून मजबूत वाटली. करूळ घाटात, भरल्या गाडीखाली, ती धनुष्यासारखी वाकली आणि ब्रॅकेटचं एक कान फाटलं. गाडी वळणाच्या अलीकडं थांबली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून चपटी पट्टी बंद. आता सीमलेस पाइप, ४२ ते ४८ मिलिमीटर बाहेरचा व्यास, भिंत ४ ते ५ मिलिमीटर. खुर्च्या-टेबलांना वापरतात तो जोडाचा पाइप चालणार नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे, नट नायलॉक.

आणि आता टेप. बार विकत घ्या नाहीतर बनवून घ्या, चासीला भोक पाडण्याआधी हे काम कराच.

गाडी सपाट जागी, चाकांना ओट (अडसर). ॲक्सलवर जिथं बारचा मागचा बोल्ट येणार तिथं ठिपका करा. चासीवर जिथं पुढचा बोल्ट यावा असं वाटतं तिथं दुसरा. दोन ठिपक्यांमधलं अंतर तीनदा मोजा: रिकामी गाडी, पूर्ण माल भरलेली, आणि चासी जॅकवर घेऊन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवून ॲक्सल लोंबता सोडलेली. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. पाटा दबतो तेव्हा ॲक्सल सरळ वर जात नाही, कमानीत जातो. त्या कमानीची त्रिज्या पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाच्या साधारण पाऊणपट असते. बारचं टोकही कमानीतच फिरतं, पण स्वतःच्या. दोन कमानी जुळल्या नाहीत की दोघांची एकमेकांशी झुंज सुरू होते. एका गाडीला तीन मापांत १४ मिलिमीटरचा फरक आला. पुढचा ठिपका दोन इंच वर सरकवला, पुन्हा मोजलं, ५ वर आला. थोडा अजून वर, ३. तिथं बोल्ट. तीनेक मिलिमीटर रबरी बुश सहज पोटात घेतो. सुरुवात कुठून करायची विचाराल तर पाट्याची पुढची आय आणि ॲक्सलचा मध्य यांच्या रेषेला बार समांतर धरा, आणि मग टेप सांगेल तसं हला.

शिडीच्या बारलाही हेच माप लागतं. जेवढा फरक, तेवढं शॅकलला पुढं-मागं डोलता आलं पाहिजे. नेहमीच्या भाराला शॅकल उभं राहील असं ब्रॅकेट ठेवा.

बुश रबरी की बॉलवाला रॉड एंड? बॉलवाला दिसायला भारी, पण आपल्याकडच्या पावसाळी चिखलात आणि उन्हाळ्याच्या धुळीत लवकर खुळखुळा होतो. माल वाहणाऱ्या गाडीला रबर. पॉलियुरेथेन घेतलात तर ग्रीस निपल असलेला घ्या.

ॲक्सलच्या नळीवर वेल्डिंग मी करत नाही. उष्णतेनं नळी वाकते, आतलं ऑइल सील जळतं. यू बोल्टनं आवळायचं ब्रॅकेट बनवा. बार यू बोल्टच्या प्लेटच्या फार खाली लोंबू देऊ नका, उसाच्या फडातल्या चाकोरीत तो नांगरासारखा रुततो. ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, आणि ज्या गाड्यांना भारानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे त्याची काडी, ॲक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना बारला लागत नाही ना, हे हातानं चाचपून बघा.

कागदाचंही बघायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. पासिंगची गाडी असेल तर काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्येही. चासी न कापता, बोल्टवर बसणारं आणि उतरवता येणारं काम मी सुचवतो, त्याचं हेही एक कारण.

बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या भारात उभी असताना. लोंबत्या ॲक्सलवर आवळले तर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि महिन्याभरात फाटतं. आवळून झालं की प्रत्येक नटापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढा. पाचशे किलोमीटरनंतर गाडीखाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली की तो नट पुन्हा टॉर्क रेंचनं, आणि त्याच बाजूचे यू बोल्टही.