टोमॅटो: बी पेरण्यापासून फळ रंगावर येईपर्यंत

झाडावर टोमॅटो आठवडेच्या आठवडे हिरवेच राहिले की बरेच जण फळांना ऊन मिळावे म्हणून पाने खुडतात. तसे अजिबात करू नका. फळ पिकायला ऊन लागत नाही. ते आतून जून व्हावे लागते आणि हवा त्याला मानवेल इतपत उबदार असावी लागते. ऊन हवे असते ते पानांना, कारण फळातली गोडी मुख्यतः पानांनी तयार केलेल्या साखरेची असते. पाने काढून उघड्या पाडलेल्या फळावर कडक ऊन आले की पांढुरका, कागदासारखा चट्टा पडतो आणि पुढे तिथेच बुरशी धरते.

सुरुवात जातीपासून करा. झुडपी जाती तीन-चार फुटांवर थांबतात आणि त्यांची बहुतेक फळे थोड्या दिवसांत एकदम येतात, म्हणून कुंडीला त्या सोयीच्या. वेलासारख्या जाती वाढतच राहतात, सहा फूटही सहज ओलांडतात आणि दीर्घकाळ थोडी थोडी फळे देतात. बियांच्या पाकिटावर हे लिहिलेले असते. ते वाचूनच घ्या, कारण पुढची छाटणी त्यावर ठरते.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. माती २० ते २७ अंश सेल्सिअस असली की पाच ते दहा दिवसांत उगवते. उगवल्या दिवसापासून रोपांना भरपूर उजेड द्या, नाहीतर ती लांबुळकी होऊन लोळतात. चार-पाच खरी पाने आली (पहिली दोन धरायची नाहीत, ती बीजपत्रे) की रोप लावणीला तयार होते. त्याआधी सात-आठ दिवस ते रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून उन्हावाऱ्याची सवय लावा.

लावताना रोप खोल गाडा. खालची पाने काढून दोन तृतीयांश खोड मातीत गेले तरी चालते, कारण टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. कलमी रोप असेल तर मात्र कलमाचा सांधा मातीच्या वरच ठेवा. जमिनीत दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर हवे. कुंडी एका रोपाला किमान २० लिटरची आणि ३० सेंटिमीटर खोल असावी, तळाला भोके हवीतच. लहान कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते आणि पुढची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात मिसळा. ताजे शेण नको. आधाराची काठी लावणीच्याच दिवशी रोवा, नंतर रोवताना मुळे तुटतात. दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडा.

पाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. बोट दोन इंच मातीत घालून बघा. तिथे कोरडे लागले तर खालच्या भोकांतून पाणी येईपर्यंत भरपूर द्या. ओल लागली तर थांबा. पाणी बुडाशी घाला, पानांवर नको. मातीवर वाळलेल्या पानांचे किंवा गवताचे दोन इंच आच्छादन घातले की ओल टिकते, शिवाय मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत. करप्याची (पानांवर डाग पाडून ती वाळवणाऱ्या रोगाची) बुरशी बऱ्याचदा याच शिंतोड्यांबरोबर पानांवर चढते.

फळाचे बूड काळे, चामड्यासारखे झाले तर तो रोग नव्हे. वाढत्या फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण आहे. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढते, त्यामुळे कधी कोरडे तर कधी चिखल असे झाले की मातीत ते पुरेसे असूनही फळापर्यंत पोहोचत नाही. अंड्याची टरफले टाकून लगेच गुण येत नाही, ती फार सावकाश विरघळतात. पाणी नियमित करा, नत्राचे (नायट्रोजनचे) खत आवरा आणि डागी फळे काढून टाका. पुढची फळे चांगली येतात. बरीच कोरड पडल्यावर एकदम भरपूर पाणी मिळाले तर साल ताणाला पुरत नाही आणि फळ तडकते.

वेलासारख्या जातीत पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे बोटभर असतानाच मोडा आणि एक-दोन खोडेच वाढवा. झुडपी जातीचे फुटवे मात्र काढू नका, तिची फळे त्यांवरच धरतात. जमिनीलगतची फूटभर उंचीपर्यंतची पाने, झाड मोठे झाल्यावर, काढलेली बरी.

फुले येऊन गळतात तेव्हा आधी तापमान बघा. दिवसा ३५ अंशांच्या वर किंवा रात्री १३ अंशांच्या खाली गेले की परागकण नीट काम करत नाहीत. झाड गर्द हिरवे, माजलेले आणि फुले मोजकीच असतील तर नत्र जास्त झाले आहे. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, पण त्याला हलवावे लागते. वारा किंवा मधमाश्या नसतील तिथे सकाळी उशिरा फुलांच्या देठावर हलकी टिचकी मारा.

पानांखाली पांढरी माशी दिसली तर पिवळे चिकट सापळे लावा. पाने आकसून वाटीसारखी झालेले, वाढ खुंटलेले झाड विषाणूग्रस्त असेल तर ते बरे होत नाही, उपटून टाका.

आता पिकण्याकडे. फळ धरल्यापासून पूर्ण आकाराचे व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, मग रंग फुटतो. लाल रंग लायकोपीन या रंगद्रव्याचा, आणि तो २० ते २५ अंशांत उत्तम तयार होतो. ३० अंशांच्या वर तो बनणे मंदावते, पिवळा रंग मात्र येत राहतो. म्हणून कडक उन्हाळ्यात फळे नारिंगी-पिवळीच राहतात. अशा वेळी बुडाशी गुलाबीसर झाक दिसताच फळ तोडा आणि घरात सावलीत पिकवा. झाडावर वाट बघितली तर ते तडकण्याची, पक्ष्यांनी टोचण्याची शक्यताच वाढते.

पूर्ण हिरवे तोडायचे झाले तर एक फळ धारदार सुरीने कापून बघा. आतला गर जेलीसारखा असेल आणि बिया सुरीखालून बाजूला सरकत असतील तर त्या वेळचे, त्याच आकाराचे बाकीचे फळ जून आहे, ते पिकेल. बियाच चिरल्या गेल्या तर ते कोवळे आहे. त्याला चांगली चव येणार नाही.

तोडलेली फळे पुसून, एका थरात, देठाची बाजू खाली करून १८ ते २२ अंशांत ठेवा. घाई असेल तर कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पिकणे वेगाने होते. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल साचून फळे कुजतात. रोज तपासून नासके फळ बाजूला काढा. हिरवी किंवा गाभुळलेली फळे फ्रिजमध्ये ठेवू नका. १२ अंशांच्या खाली त्यांचे पिकणे अडते आणि चव जाते.

हंगाम संपायला महिना-सव्वा महिना उरला की वेलासारख्या झाडाचे शेंडे खुडा आणि नवी फुलेही काढून टाका. त्या फुलांची फळे पिकायला आता वेळ नाही, आणि झाडाची साखर आधीच लागलेल्या फळांकडे वळते.