थंडीत जास्वंद जगवायची तर पाण्याचा हात आवरा

थंडी सौम्य असेल तिथे कुंडीतली जास्वंद सहसा गारठ्याने मरत नाही. मरते ती आपण घातलेल्या पाण्याने.

रात्रीचं तापमान 10 अंशांकडे उतरू लागलं की कुंडी उन्हाच्या पण वारा न लागणाऱ्या जागी, भिंतीलगत हलवा. पानांच्या खाली पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर धुऊन काढा. खत बंद. जमिनीतल्या झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळा पसरा. दव गोठेल अशी रात्र असेल तर झाडावर चादर टाका, सकाळी काढा.

आता पाणी. साधारण 15 अंशांखाली जास्वंदीची वाढ मंदावते आणि मुळं पाणी फारसं ओढत नाहीत. माती दिवसेंदिवस ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात. सडलेली मुळं पाणी वर पोचवू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतच पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय! मी सलग दोन वर्षं हेच केलं: पान पिवळं दिसलं की मगभर पाणी. शेवटी झाड उपटलं, तर मुळं काळी, बुळबुळीत. एक चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून आली, आत दोऱ्याएवढा तंतू उरला.

म्हणून 'एक दिवसाआड पाणी' हा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. दिवस मोजायचेच नाहीत. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर परत फिरा. कुंडी जराशी उचलून बघायची सवय लावा, हलकी लागली तरच पाणी. तेही सकाळी, तळातून निथळेपर्यंत, आणि तबकडीत साचलेलं लगेच ओतून द्या. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यांत वाईट.

पानं गळली म्हणून झाड फेकू नका. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे.

छाटणीची घाई नको, कारण छाटलं की कोवळी फूट येते आणि गारठ्यात करपते. थंडी पुरती ओसरली की एक तृतीयांश छाटा. फुलं नव्या फुटीवरच येतात. पालवी दिसली की खत सुरू करा. घरात ठेवलेली कुंडी मात्र आठवडाभर हळूहळू उन्हात न्या, एकदम नेली तर पानं भाजतात.