गावाच्या आरोग्य निधीची न्याय्य वाटणी कशी करावी

पहिले काम म्हणजे समितीचे पासबुक बँकेत नेऊन भरून घेणे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले आणि त्यातून गावागावांत ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एका महसुली गावासाठी या समितीला वर्षाला १०,००० रुपये अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, धरलेला आहे. आपल्या खात्यावर प्रत्यक्षात किती जमा झाले, केव्हा जमा झाले आणि मागच्या मार्चअखेरीस घाईघाईने किती काढले गेले, हे सभासदांनी स्वतः पाहिल्याशिवाय वाटणीची चर्चा सुरू करू नये. जी रक्कम कधी पाहिलीच नाही, तिच्यावर हक्क सांगायला गरीब माणूस उभा राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर समिती खरी आहे का, ते तपासावे. सभासदांत निम्म्या तरी महिला असाव्यात आणि प्रत्येक वस्तीचे, पाड्याचे माणूस असावे, असे सूचना सांगतात, आणि कागदावर तशी नावेही असतात. परंतु बैठक सकाळी अकरा वाजता गावठाणातल्या ग्रामपंचायत कार्यालयात ठेवली, तर मजुरी बुडवून पाड्यावरची बाई येणार नाही, आणि मग ज्यांच्यासाठी हा पैसा आहे त्यांच्या गैरहजेरीतच ठराव मंजूर होईल. बैठक संध्याकाळी ठेवावी आणि वर्षातून दोनदा तरी सर्वांत लांबच्या पाड्यावर घ्यावी.

न्याय्य वाटणीचा खरा पाया म्हणजे पाडेवार यादी, आणि तिच्यासाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवावी. शाळेच्या फळ्यावर सगळ्या पाड्यांची नावे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे पुढील गोष्टी मांडाव्यात : उपकेंद्र किती दूर आहे, पावसाळ्यात वाटेतला ओढा रस्ता अडवतो का, पिण्याचे पाणी कुठल्या विहिरीचे आहे, गेल्या वर्षभरात किती बाळंतपणे घरीच झाली आणि अति तीव्र कुपोषित बालके किती आहेत. ही माहिती आशाताईंच्या नोंदवहीत आणि अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदींत असते. ती बाहेरून मागवावी लागत नाही. फक्त रुग्णांची नावे फळ्यावर लिहू नयेत. क्षयरोग झालेल्या माणसाचे नाव चारचौघांत वाचले गेले, तर तो पुन्हा औषधाला येणार नाही. आकडे मांडून झाले की कोणत्या पाड्याचे हाल सर्वाधिक आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

इथेच बहुतेक समित्या अडखळतात, कारण वाद नको म्हणून सरसकट समान वाटणी केली जाते. मी ज्या एका गावात जात असे, तिथे पाच पाडे होते आणि प्रत्येकाला दोन हजार दिले गेले. रस्त्याकाठच्या पाड्याने त्या पैशांत समाजमंदिराजवळ फलक लावला, तर ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून आषाढात एका गरोदर बाईला चादरीची झोळी करून चौघांनी खांद्यावर आणले, कारण गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबली होती. पुढच्या वर्षी समितीने निम्म्याहून अधिक रक्कम त्या एका पाड्यासाठी ठेवली : एक घडीचे स्ट्रेचर, दोन बॅटऱ्या आणि विहिरीभोवती सांडपाणी मुरू नये म्हणून लहानशी दुरुस्ती. सुरुवातीला कुरकुर झाली, पण फळ्यावरची यादी सर्वांसमोर होती आणि ती खोडून काढणे कुणाला जमले नाही. गरज वेगवेगळी असताना रक्कम सारखी ठेवणे हा अन्यायच आहे, मग तो सर्वांच्या संमतीने झालेला असला तरी.

ज्या गोष्टीसाठी सरकारने दुसरीकडे तरतूद केली आहे, तिच्यावर हा निधी खर्च करू नये. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे, म्हणून बाळंतिणीच्या गाडीभाड्याची मागणी समितीपुढे आली, तर आधी १०२ क्रमांकाची गाडी का मिळाली नाही, हे आरोग्य केंद्राला लेखी विचारावे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पाणी शुद्ध करण्याची टीसीएल पावडर ग्रामपंचायतीने आणायची असते. खुर्च्या, बॅनर, कार्यालयाची रंगरंगोटी यांची बिले तर सरळ नाकारावीत. गरिबाच्या वाट्याचे पैसे सर्वाधिक इथेच जिरतात, आणि जोडलेली पावती खरी असल्यामुळे लेखापरीक्षणातही ते सापडत नाहीत.

अगदी निराधार बाईला किंवा अतिशय गरीब कुटुंबाला उपचारासाठी थेट मदत करण्याची मुभा सूचनांमध्ये आहे. ती वापरावी, पण मदत कुणाला, किती आणि कशाच्या आधारे द्यायची, याचा नियम वर्षाच्या सुरुवातीलाच ठरावाने लिहून ठेवावा. माणूस दारात उभा राहिल्यावर नियम ठरवला, तर ओळखीच्याला मिळते आणि बिनओळखीचा परत जातो.

हिशोब वर्षातून एकदा लिहून भागत नाही. प्रत्येक खर्चाचे व्हाउचर त्याच दिवशी कीर्दीला चढवावे, त्यावर कोणत्या पाड्यासाठी खर्च झाला ते लिहावे आणि १५ ऑगस्ट व २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पाडेवार बेरीज मोठ्याने वाचावी. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेले नाही, तर पुढची रक्कम अडकते आणि तिची झळ त्याच लांबच्या पाड्याला बसते. हिशोब दाखवायला टाळाटाळ झाली, तर १० रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करावा; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढेही शुल्क पडत नाही आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दहा हजारांत सगळे बसणार नाही, हे उघड आहे. म्हणून जी गरज उरली, ती यादीतून पुसू नये. गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात असेल, तर २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या रकमेतील ५ टक्के अबंध निधी ग्रामसभेच्या कोषात येतो आणि आरोग्य हा त्यातला मान्य विषय आहे. इतर गावांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे जावे. दोन्हीकडे अर्जासोबत फळ्यावरच्या पाडेवार यादीची प्रत, ठरावाची प्रत आणि झालेल्या खर्चाचा ताळा जोडावा, अर्जावर आवक क्रमांक टाकून घ्यावा आणि तो क्रमांक पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात पहिल्या ओळीवर लिहावा.