भातातला नारंगी-काळा भुंगेरा: फवारून मारू नका, अंगावर चिरडू नका

पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत भात पोटरीवर येतो, तेव्हा चुडांवर (रोपांच्या झुपक्यांवर) एक सडपातळ, नारंगी-काळा किडा लगबगीने पळताना दिसतो. रंग भडक असल्याने नवी कीड आली असे वाटते आणि पंप खांद्यावर चढतो. हा पिडेरस फ्युसिपेस, रोव्ह बीटल कुळातला शिकारी भुंगेरा. भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांची पिल्ले आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या लहान अळ्या हे त्याचे खाद्य.

लांबी 7 ते 8 मिमी. डोके काळे, त्यामागचा छातीचा भाग नारंगी, मग चकचकीत निळसर-हिरवे पंख. हे पंख इतके आखूड की पोटाचा बराचसा भाग उघडाच राहतो. पोट नारंगी, शेवटचे टोक काळे. चाहूल लागली की तो हे टोक वर उचलतो. घाईत पाहिले तर मुंगी वाटते, पण मुंगीची कंबर अगदी बारीक असते. रंगाने जवळचा ऑफिओनिया भुंगेराही खाचरात असतो. त्याचे पंख पोट जवळजवळ पूर्ण झाकतात. तोही शिकारीच आहे, त्यामुळे दोघांत गल्लत झाली तरी पिकाचे नुकसान नाही.

फवारणीचा निर्णय भुंगेरे पाहून नव्हे, तुडतुडे मोजून घ्या. सकाळी खाचरातून तिरपे चालत 20 चूड निवडा. प्रत्येक चूड थोडा वाकवून बुंध्यावर हाताने थोपटा आणि पाण्यावर पडलेले तुडतुडे मोजा. सरासरी चुडामागे 10 पेक्षा कमी असतील आणि भुंगेरे, कोळी दिसत असतील तर थांबा. 3-4 दिवसांनी पुन्हा मोजा. दरम्यान खाचरातले पाणी काढून टाका आणि युरियाचा हप्ता लांबवा. संख्या 10 च्या वर गेली तर पायमेट्रोझिन 50 डब्ल्यूजी हे कीटकनाशक हेक्टरी 300 ग्रॅम, 500 लिटर पाण्यातून फवारा. तुडतुडे बुंध्याशी बसतात, म्हणून नोझल खाली धरा. वरवर फवारलेले औषध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही कीटकनाशके मात्र अजिबात नकोत. त्यांनी शिकारी कीटक मरतात, तुडतुडे पुन्हा उसळतात आणि खाचरात जळल्यासारखे गोल चट्टे पडतात.

बांधावरचे गवत एकदम साफ करू नका, जाळू तर नकाच. खाचर पाण्याने भरले किंवा कापणी झाली की भुंगेऱ्यांचा आसरा तिथेच असतो. एका वेळी निम्माच बांध कापा.

आता काळजीची बाब. हा भुंगेरा चावत नाही, डंखही मारत नाही. पण त्याच्या अंगातल्या रसात पेडेरिन नावाचे विष असते. मानेवर बसलेला भुंगेरा चापट मारून चिरडला की 1-2 दिवसांनी तिथे लाल पट्टा उठतो, आग होते, फोड येतात. म्हणून तो फुंकरीने उडवा किंवा कागदावर घेऊन सोडा. चिरडला गेलाच तर ती जागा आणि हात लगेच साबणाने धुवा, डोळे चोळू नका. डोळ्याला लागले असेल तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा.

रात्री तो उजेडाकडे येतो. खाचराजवळच्या घरात अंथरुणावर दिवा टांगू नका, खिडक्यांना जाळी लावा, मच्छरदाणीत झोपा, अंथरूण झटकूनच अंग टाका. प्रकाश सापळ्यातही हे भुंगेरे सापडतात; तो रिकामा करताना हातमोजे घाला.