नेट बंद पडलं? रिसेट मारायच्या आधी हे वाचा, या चुका टाळा

आपल्या नागपुरात मे महिना लागला की दोन तक्रारी सोबतच सुरू होतात, कूलर हवा फेकून नाही राहिला आणि नेट चालून नाही राहिलं. कूलरचं ज्याला समजते तो पाहील, पण नेट अडलं की शेजारपाजारचे अन् नात्यातले मलाच फोन लावतात, आणि मी पोचेपर्यंत कोणीतरी काहीतरी दाबून ठेवलेलं असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे राऊटरच्या मागच्या बारीक भोकात पिन खुपसून रिसेट मारणे. रिस्टार्ट आणि रिसेट एक नाही भाऊ. रिस्टार्ट म्हणजे बटन बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत चालू करा, याने कोणाचं काही बिघडत नाही, करून पाहायलाच पाहिजे. रिसेटने मात्र आतलं सगळं पुसलं जाते, वाय-फायचं नाव, पासवर्ड, आणि कंपनीवाल्याने लावताना टाकलेला लॉगिनसुद्धा. म्हणजे रस्त्यावर सिमेंट रोडचं खोदकाम चालू आहे, तिथे केबल तुटली, संध्याकाळी त्यांनी जोडलीही, साऱ्या गल्लीचं नेट आलं अन् तुमचंच नाही आलं, कारण तुमच्या डब्याला आता आत कसं जायचं तेच माहीत नाही.

"अहो पण वाय-फाय तर फुल दाखवते ना!" हे तर प्रत्येक घरी ऐकतो. फुल दाखवते म्हणजे तुमचा फोन आणि राऊटर यांचं जमलं आहे, बस. राऊटरपासून कंपनीपर्यंतची लाईन वेगळी, तिथून पुढे जगभर जाणारं इंटरनेट आणखी वेगळं. म्हणून आधी अडलं कुठे ते शोधा, मग हात लावा. फायबरच्या डब्यावर लॉस (LOS, म्हणजे सिग्नल गेला) नावाचा लाल दिवा लागला असेल तर बाहेरून येणारा उजेडच पोचून नाही राहिला, तिथे फोनमधली सेटिंग खाली-वर करून काहीच होणार नाही. फक्त एक पाहायचं, दिवाण किंवा कपाट सरकवताना मागची ती बारीक वायर मुडपली तर नाही ना. आत काचेचा धागा असतो, जास्त वाकला की उजेड बाहेर सांडतो. हां, आणि वायर काढून तिच्या टोकात डोळा लावून पाहू नका, तो लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

लाल दिवा नाही, तरी काही उघडत नाही? मग लॅपटॉपवर ८.८.८.८ ला पिंग करा, म्हणजे कमांडच्या खिडकीत ping 8.8.8.8 लिहून गुगलच्या त्या सर्व्हरकडून उत्तर येते का पाहा. उत्तर आलं आणि साईट उघडत नसेल तर बहुतेक डीएनएसची गडबड आहे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सोय अडली आहे, डीएनएसच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहा. आणि लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने त्याला पत्ताच दिला नाही, त्याने आपल्या मनानेच एक घेतला. अशा वेळी राऊटर रिस्टार्ट करा, वायर नीट बसवा.

आता कूलर. लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर, आत टाकीभर पाणी, अन् त्याच्या मागे खिडकीत राऊटर! पत्रा सिग्नल अडवतो, पाणी सिग्नल पिते, मग आतल्या खोलीत व्हिडिओ अडकणार नाही तर काय होईल. वरून ऊन. घरगुती राऊटर बहुतेक ४० डिग्रीपर्यंतच्या हिशोबाने बनवलेले असतात आणि आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ च्या वर जाते, खिडकीतल्या डब्याचं काय होत असेल तुम्हीच सांगा. दुपारी नेट जाते अन् रात्री आपोआप येते, अशी तक्रार असली की मी आधी राऊटर कुठे ठेवला तेच विचारतो. घराच्या मधोमध, उंचावर, मोकळ्या हवेत ठेवा. अन् ॲडॅप्टर कोणाचाही कोणाला लावू नका, ९ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्टचा लावला तर डबा जाऊ शकतो.

स्पीडबद्दल थोडक्यात. १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा, प्लॅन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी (मेगाबाईट), कारण ८ बिटचा एक बाईट होतो, त्यामुळे डाउनलोडमध्ये १२ दिसलं म्हणून कंपनीला शिव्या देऊ नका. वाय-फायचे दोन बँड असतात, लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झवाला लावा, जवळ बसले असाल तर ५ वाला. जुना राऊटर वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या मजल्यावर जोडता ना, चांगलं आहे, पण त्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याचा आयपी बदला आणि वायर एका डब्याच्या लॅन लिहिलेल्या भोकातून दुसऱ्याच्या लॅन लिहिलेल्या भोकात लावा. नाहीतर दोन्ही डबे १९२.१६८.१.१ म्हणून बसतात, दोघंही पत्ते वाटतात आणि घरात अर्ध्यांचं चालते, अर्ध्यांचं नाही.

आणि नेट बंद असताना माणूस चिडलेला असतो, तेव्हाच खरा घोळ होतो. मोबाईल डेटावर कस्टमर केअर सर्च केलं, जो नंबर वर आला त्याला फोन लावला, तो म्हणाला हे ॲप टाका, मी स्क्रीन पाहून दुरुस्त करतो. नाही! नंबर फक्त बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला घ्या. रिफंड देतो, पिन टाका म्हणाला तर फोन ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात ते थांबवता यायची शक्यता जास्त.

सोसायटीच्या ग्रुपवर राऊटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो टाकणारे काका तर प्रत्येक बिल्डिंगमध्ये आहेत. त्याच्यावर वाय-फायचा पासवर्ड छापलेला असतो हो! टाकलाच असेल तर डिलीट करा अन् पासवर्ड बदला. आणि "आज रात्री अख्ख्या भारताचं नेट बंद" वालं फॉरवर्ड आलं तर वर दोन बाण आहेत का पाहा, म्हणजे ते कितीतरी हातांतून आलं आहे. व्हॉट्सॲपने २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं आहे, तरी लोक एकेक करून सगळ्यांना पाठवतातच.

ग्रुपवर नुसतं "नेट???" लिहूनही कोणाला काही समजत नाही. किती वाजेपासून बंद आहे, डब्यावर कोणता दिवा लागला, वायरने चालते का, फक्त वाय-फायवर अडते का, कंपनीकडे तक्रार टाकली असेल तर तिचा नंबर, एवढं एकाच मेसेजमध्ये टाका. केबलवाल्या पोरालाही हेच पाठवा, शिवी न देता.