बार्शी लाईटचा माग काढताना

बार्शी लाईटवर, म्हणजे मिरज ते लातूर धावणाऱ्या जुन्या नॅरोगेज रेल्वेवर, काम करायचं ठरवलं, तेव्हा पहिले तीन महिने मी चुकीच्या नावाने शोधत होते. जुन्या वेळापत्रकांत आणि सरकारी पत्रव्यवहारात मला 'कुर्डुवाडी', म्हणजे ही लाईन जिथून सुरू झाली ते स्टेशन, हवी होती आणि ती कुठेच सापडेना. शेवटी एका जुन्या नकाशावर बोट ठेवून मुंबई-सोलापूर मुख्य लाईनवरची स्टेशनं एकेक करत वाचली, तेव्हा उलगडा झाला: त्या स्टेशनाचं नाव त्या काळी 'बार्शी रोड' होतं. इंग्रजी कागदांत खुद्द बार्शीही 'बारसी' अशी लिहिलेली असते. बंद पडलेल्या लाईनचा इतिहास शोधायला निघालेल्या प्रत्येकाला म्हणून मी पहिल्यांदा हेच सांगते, की नावांची वेगळी वही करा. स्टेशनाचं जुनं नाव, आजचं नाव, इंग्रजी स्पेलिंगचे सगळे प्रकार आणि लोकांच्या तोंडी असलेलं नाव, सगळं त्यात उतरवा. ती वही सोबत नसताना अभिलेखागारात जाऊ नका.

लाईनची माहिती थोडक्यात अशी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. त्याने लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फुटी नॅरोगेज लाईन सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली, आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळी ब्रॉडगेज झाली. छोटी गाडी गेली. कुर्डुवाडीचा कारखाना मात्र आजही आहे.

आता ही गावं संस्थानी काळाच्या नकाशावर बघा. बार्शी आणि पंढरपूर मुंबई इलाख्यात, लातूर निजामाच्या राज्यात, मिरज पटवर्धनांच्या संस्थानात, आणि कंपनीचं मुख्य कार्यालय लंडनला. एवढीशी लाईन, पण तिचे कागद चार ठिकाणी विखुरलेले. मुंबईच्या पुराभिलेखागारात बांधकाम खात्याच्या रेल्वे शाखेच्या फाइली बघायच्या, निजामाच्या हद्दीतल्या जमिनीसाठी हैदराबादचा विचार करायचा आणि कंपनीच्या कारभारासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याची, दप्तरं धरायची. नव्या अभ्यासकाला वाटतं, रेल्वेचा इतिहास रेल्वेच्याच कपाटात असणार. मला मात्र जास्त माहिती महसूल आणि आरोग्य खात्याच्या कागदांत मिळाली. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात पटकीची साथ येईल या धास्तीने सरकारी डॉक्टर वारकऱ्यांच्या येण्याजाण्यावर नजर ठेवून असत. त्यामुळे प्रवाशांची गर्दी समजून घ्यायला सॅनिटरी कमिशनरचे वार्षिक अहवाल जरूर चाळा.

लाईन यायच्या आधीचे कागदही वाचा. सोलापूर जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८४चं आहे, म्हणजे लाईनच्या तेरा वर्षं आधीचं. रेल्वेवर काम करताना ते कशाला उघडायचं, असं मलाही वाटलं होतं. पण बार्शीची बाजारपेठ किती मोठी होती आणि माल सडकेने बैलगाड्यांतून बार्शी रोड स्टेशनापर्यंत कसा जायचा, हे कळल्याशिवाय या ३५ किलोमीटरच्या तुकड्यावर कुणी पैसे का घालावेत ते समजत नाही.

इंजिनांचा थोडा तरी अभ्यास हवाच. कॅलथ्रॉपचं सूत्र सोपं होतं: इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. तसं केलं की हलके रूळ चालतात आणि खर्च वाचतो. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना इतकी चाकं होती. सगळं वजन आसाआसावर वाटून दिलेलं. हे एकदा समजलं की जुना फोटो नुसता फोटो राहत नाही. पण इथेच पुष्कळजण अडकतात. बार्शीच्या धर्तीवर कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही लाईन उभारली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. त्या निमित्ताने तिकडच्या रेल्वेप्रेमींनी बार्शीच्या इंजिनांवरही मनापासून लिहून ठेवलं. त्यांच्या लेखनात चाकांचे व्यास आहेत, बॉयलरचे दाब आहेत. रोज सकाळी त्या गाडीने बार्शीला शाळेत, कोर्टात, बाजारात येणारी माणसं मात्र नाहीत. ते काम मराठीतच व्हायला हवं आणि ते आपल्यालाच करायचं आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कुणी जुनं तिकीट दाखवलं तर घाई करू नका. बोटभर लांबीचा जाड पुठ्ठा असतो. तारीख शाईची नसून यंत्राने दाबलेली असते, म्हणून समोरून वाचता येत नाही. खिडकीशी तिरप्या उजेडात धरलं की आकडे वर येतात. कडेला चिमट्याने पाडलेली खाच दिसली, तर ते तिकीट खरोखर प्रवासात तपासलं गेलं आहे. दर्जा, भाडं, अनुक्रमांक लिहून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि तिकीट मालकाच्या हातात परत द्या. मागून घेऊ नका.

जमिनीवरही फिरा. नवी ब्रॉडगेज धाराशिव शहरावरून नेली आहे, जुनी लाईन शहराला बाजूला टाकून जायची. त्यामुळे त्या पट्ट्यात जुना मार्ग नव्या रुळांशेजारी शोधण्यात अर्थ नाही. सर्व्हेचे जुने नकाशे घ्या आणि गावातल्या माणसाला सोबत न्या. शेतात अचानक सरळ रेषेत गेलेला बांध किंवा ओढ्यावर उभी असलेली दगडी मोरी दिसली की थांबा. आणि शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा.

मुलाखतींना मी सर्वांत जास्त वेळ दिला. धावत्या गाडीतून उतरायचं, शेतातल्या शेंगा तोडायच्या आणि पळत येऊन पुन्हा चढायचं, ही गोष्ट तुम्हाला दहा जण सांगतील. नॅरोगेज जिथे जिथे होती तिथे ती सांगतातच. खोटी म्हणून सोडून देऊ नका आणि पुरावा म्हणून छापूही नका. विचारा, कुठल्या स्टेशनापुढे? चढ कुठे होता? शेत कुणाचं? ज्यांनी पाहिलंय ते जागा सांगतात, ज्यांनी नुसतं ऐकलंय ते पुन्हा गोष्टच सांगतात.

"तुमच्या आठवणी सांगा," असं म्हटलं की वयस्कर माणसं भाषण करतात. मी जुन्या वेळापत्रकाची झेरॉक्स पुढ्यात ठेवते आणि एकच विचारते, "गाडी चुकली तर काय करायचात?" शाळेला बार्शीला येणाऱ्या एका आजोबांना असंच विचारलं. "काय करणार बाई, रुळारुळानं चालत जायचो," म्हणत ते उठले आणि अंगणात चालून दाखवू लागले. रुळांखालच्या एका आडव्या स्लीपरवरून दुसऱ्यावर पाऊल टाकलं तर फार आखूड पडायचं, एक सोडून टाकलं तर ढांग पुरायची नाही. म्हणून एक आखूड, एक लांब, पुन्हा एक आखूड, अशी सात-आठ पावलं ते तुळशीपर्यंत गेले आणि तसेच परत आले.