मारुती 800 चा अल्टरनेटर घरी बदलताना

कोकणातल्या पावसात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू ठेवावे लागतात, आणि कमजोर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग, नेमका तेव्हाच उघडा पडतो. दिवे पिवळट होतात, वायपर दमल्यासारखे फिरतात, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतो. वडिलांची 2009 ची मारुती 800 आमच्याकडे अजून रोज धावते आणि तिचं इलेक्ट्रिकचं काम मीच बघते. माझं सांगणं एकच: आधी मीटर, मग पाना.

साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि त्याच्या वायरी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू करून थोडी रेस दिली की आकडा 13.8 ते 14.5 मध्ये यायला हवा. तो साडेबाराच्या खालीच रेंगाळला, तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, गेला; अशाने बॅटरी उकळते. पण लगेच नवीन अल्टरनेटर आणायला पळू नका. पट्टा सैल आहे का, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर बसलाय का, चार्जिंगचा मोठा फ्यूज शाबूत आहे का, हे बघा. चावी ऑन केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, बॅटरीचा दिवा लागतो का तेही बघा. लागतच नसेल तर दोष बल्बमध्ये किंवा त्या वायरमध्येही असू शकतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. चालू इंजिनवर बॅटरीची वायर उपटून 'गाडी बंद पडते का बघू' ही तपासणी अजूनही सर्रास केली जाते. कोणालाही करू देऊ नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज क्षणात उसळी मारतं आणि अल्टरनेटरचे डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) किंवा गाडीचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जातो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हे खपून जायचं, एमपीएफआयमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत, नाही.

आता काम. इंजिन थंड होऊ द्या आणि सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत चावी बंद असतानाही करंट असतो. पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) ओढताना वायरीला धरू नका, प्लास्टिकची खिटी दाबून सोडवा. मग वरचा, खाचेतला ताणाचा बोल्ट आणि खालचा लांब बोल्ट ढिला करा, अल्टरनेटर इंजिनकडे ढकला आणि पट्टा उतरवा. शेवटी खालचा लांब बोल्ट पूर्ण काढा. गंजला असेल तर आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

जुना नग दुकानात सोबत न्या. पुली, कपलर आणि कानांमधलं (बोल्ट जातात त्या भोकाच्या भागांमधलं) अंतर शेजारी ठेवून जुळवा. नुसते आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजले असतील किंवा बेअरिंग आवाज करत असेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तोच नग दुरुस्त करून घेणं मला जास्त पटतं.

बसवताना नवा नग इंजिनवरच्या कंसात (ब्रॅकेटमध्ये) शिरत नाही, असं बऱ्याचदा होतं. ठोकू नका. मागच्या कानात एक लोखंडी बुश (छोटी नळी) असतो, तो जरासा मागे सरकवला की नग अलगद बसतो. पट्टा ताणायला टॉमी (लोखंडी सळई) लावाल ती पुढच्या कानाजवळ. मागच्या भागात डायोड असतात आणि अ‍ॅल्युमिनियमचं ते कवच तडकतं. पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने जोर लावून दाबल्यावर तो सात-आठ मिलीमीटर दबायला हवा. त्याहून घट्ट केला तर अल्टरनेटरचं आणि त्याच पट्ट्यावरच्या वॉटर पंपाचं बेअरिंग खाल्लं जातं. जाड वायरीचा नट घट्ट हवा, पण तिथला स्टड बारीक असतो, पिळून तुटतो. रबरी टोपी विसरू नका.

उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरा, मगच जोडा. नाहीतर नवा अल्टरनेटर पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने राबून तापतो. निगेटिव्ह वायर सगळ्यात शेवटी. इंजिन सुरू करा, दिवे, वायपर, ब्लोअर सगळं लावा, थोडी रेस देऊन पुन्हा मीटर बघा: साडेतेराच्या वर टिकला की काम झालं. पट्टाही नवा घातला असेल तर दोनेकशे किलोमीटरनंतर ताण परत तपासा, तो हमखास थोडा सैल पडतो.